फुरका, ग्रिमझेल, सुस्टेन: एका दिवसात तीन घाट

स्वित्झर्लंडच्या मध्यभागी तीन घाट असे एकात एक गुंतलेले आहेत, की सकाळी ज्या गावातून निघावं त्याच गावात संध्याकाळी परत येता येतं. आंदरमाटहून फुरका चढायचा, ग्लेचला उतरायचं, लगेच ग्रिमझेल चढायचा, इनर्टकिर्खनपर्यंत खाली यायचं, मग सुस्टेन चढून वासेनला उतरायचं आणि शोलेनेनच्या घळीतून पुन्हा आंदरमाट. एकूण सुमारे १२० किलोमीटर. न थांबता गेलं तर सव्वातीन ते साडेतीन तास लागतात. प्रत्यक्षात सात-आठ तास हाताशी ठेवावेत.

ही फेरी आम्ही भाड्याच्या गाडीने करतो. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना चाक हाती देण्याआधी जे सांगतो तेच इथे लिहिलं आहे. चढाची चिंता सगळेच करतात, पण या फेरीत चुका होतात त्या उतारावर. म्हणून उताराबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी महिना ठरवावा. तिन्ही घाट हिवाळ्यात बंद असतात. बर्फ काढून रस्ता मोकळा करायला मेअखेर ते जून उजाडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिला मोठा बर्फ पडला की पुन्हा बंद. जूनच्या सुरुवातीला एक घाट उघडा आणि दुसरा बंद, असं बऱ्याचदा होतं. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात, त्यातून वितळलेलं पाणी डांबरावरून वाहतं आणि रात्री ते गोठतं. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत वर जाऊ नये. जुलैचा पहिला आठवडा ते सप्टेंबरचा मध्य हा भरवशाचा काळ, आणि आम्हाला सप्टेंबर अधिक आवडतो. दुपारची वादळं कमी होतात, गर्दी ओसरते, हवा स्वच्छ असते. वार मंगळवार ते गुरुवार यांपैकी निवडावा. शनिवार-रविवारी मोटारसायकलींच्या रांगा असतात, शिवाय गोट्टहार्डच्या बोगद्यासमोर गाड्या तुंबल्या की त्याचा त्रास वासेन, ग्योशेनेन आणि आंदरमाटपर्यंत पोहोचतो. उन्हाळ्यात काही दिवशी सायकलींच्या कार्यक्रमांसाठी एखादा घाट मोटारींना काही तास पूर्ण बंद ठेवतात. तारखा आधी जाहीर होतात, त्या पाहून घ्याव्यात.

निघण्याच्या दिवशी सकाळी घाटांची स्थिती पुन्हा पाहायची. स्विस मोटार क्लब टीसीएस ती रोज देतो. त्याहून साधी गोष्ट म्हणजे पायथ्याच्या गावाबाहेरचा फलक. त्यावर घाटाचं नाव असतं आणि शेजारी हिरव्यावर ‘ओफन’ म्हणजे उघडा किंवा लाल रंगात ‘गेश्लोसन’ म्हणजे बंद. नकाशाचं ॲप उघडा म्हणत असेल आणि फलक बंद म्हणत असेल, तर फलकाचं ऐकायचं.

गाडी निवडताना मोठी घेऊ नये. चार माणसं आणि दोन बॅगा मावतील एवढी हॅचबॅक किंवा छोटी वॅगन पुरते. फुरक्याच्या वरच्या टप्प्यात प्रत्येक दहा सेंटिमीटर रुंदी जाणवते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि डाव्या हाताने गिअर टाकतो, इथे दोन्ही उलटं. त्यात घाटाची भर नको, म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याने ऑटोमॅटिक घ्यावी. मात्र गाडी ताब्यात घेताना एक गोष्ट तिथल्या तिथे तपासायची: गिअर हाताने खाली आणायची सोय कुठे आहे? कुठे ‘एम’ खूण असते, कुठे स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या, कुठे ‘एल’ किंवा ‘बी’. ती सापडेपर्यंत पार्किंगमधून गाडी बाहेर काढू नये. संध्याकाळी ब्रेकचा वास येतो तो बहुतेक वेळा ही सोय माहीत नसल्यामुळे.

कागदपत्रांत मूळ वाहन परवाना आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही ठेवावेत, नुसत्या दुसऱ्याला अर्थ नाही. विम्याच्या अटींत टायर, काचा आणि गाडीचा तळ वगळलेला असतो का ते वाचावं, कारण घाटात इजा होते ती याच तीन ठिकाणी. धोक्याचा लाल त्रिकोण चटकन हाती येईल असा ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, सामानाच्या तळाशी नको. दिवसाही दिवे लावायचे. घाटांना टोल नाही. पण झुरिकहून आंदरमाटच्या दिशेने येताना महामार्ग लागतो आणि त्यासाठी ४० फ्रँकचं विन्येट, म्हणजे महामार्ग वापरण्याचा परवाना लागतो. स्विस गाडीला ते असतं. जर्मनी किंवा इटलीतून गाडी घेतली असेल तर स्वतः घ्यावं लागतं. नसेल तर २०० फ्रँक दंड आणि विन्येटचे पैसे वेगळे.

इंधन आंदरमाटला पूर्ण भरायचं. घाटमाथ्यांवर पंप नाही, वाटेत पुढचा भरवशाचा पंप इनर्टकिर्खन परिसरात. पंपावर माणूस नसतो. कार्ड घालून पिन द्यावा लागतो, म्हणून पिन चालणारं कार्ड हवं. विजेवरची गाडी असेल तर साधा हिशेब करून घ्यावा: दोन टनांची गाडी १६०० मीटर वर नेण्यासाठी सपाटीवरच्या खर्चाशिवाय आणखी पावणेनऊ युनिट लागतात. उतारावर त्यातली बरीचशी परत मिळते, पण बॅटरीत जागा असेल तरच. आंदरमाटहून निघाल्यावर आधी चढ आहे, त्यामुळे तिथे शंभर टक्के चार्ज करायला हरकत नाही. घाटमाथ्यावर किंवा त्याच्या जवळ मुक्काम असेल तर मात्र ऐंशीवर थांबावं. बॅटरी काठोकाठ भरलेली असली की उतारावर ती वीज घेत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

फेरीची दिशाही विचार करून ठरवलेली आहे. रेआल्पच्या वरची वळणं संपली की फुरक्याचा रस्ता दरीच्या उत्तरेकडच्या उतारावरून पश्चिमेला जातो. उजवीकडून गाडी चालवणाऱ्याला चढताना डोंगराची बाजू मिळते, दरी पलीकडच्या मार्गिकेच्या पलीकडे राहते. उलट दिशेने आलं तर हाच टप्पा उतारावर आणि दरीच्या काठाने करावा लागतो, आणि वरच्या भागात कठडा सलग नाही. बऱ्याच ठिकाणी नुसते दगडी खांब आहेत. नवख्या माणसाला हा फरक फार मोठा आहे.

सकाळी साडेसातला आंदरमाट सोडायचं. होस्पेन्टाल आणि रेआल्पपर्यंतचे नऊ किलोमीटर सपाट दरीतून आहेत. गाडीचा अंदाज घ्यायला ही जागा उत्तम. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडीचा बहुतेक भाग त्याच्या डावीकडे असतो. इथे बसतो डावीकडे, पण मेंदू जुनाच अंदाज लावतो, आणि गाडी नकळत उजव्या काठाकडे सरकते. उजवं पुढचं चाक काठाच्या दगडाला घासणं हे भारतीय चालकांचं इथलं ठरलेलं नुकसान. उपाय असा: रेआल्पपर्यंत उजव्या आरशात दर थोड्या वेळाने काठाची रेषा आणि मागचं चाक यांतलं अंतर पाहत राहायचं. पाच-सहा किलोमीटरमध्ये अंदाज बसतो. शेजारी बसणाऱ्याने “उजवीकडे फार आली” एवढंच सांगायचं, बाकी गप्प बसायचं.

रेआल्प १५३८ मीटरवर, फुरक्याचा माथा सुमारे २४३० मीटरवर आणि मधलं अंतर १२ किलोमीटर. म्हणजे सरासरी साडेसात टक्के चढ, काही ठिकाणी ११ टक्क्यांपर्यंत. रेआल्प सुटताच हेअरपिन वळणांची माळ सुरू होते.

उजवीकडून चालवणाऱ्याला उजवं हेअरपिन अवघड असतं, कारण आपण आतल्या बाजूला असतो. तिथे त्रिज्या सगळ्यांत लहान आणि चढ सगळ्यांत खडा. डाव्या हेअरपिनमध्ये आपण बाहेरून फिरतो, जागा भरपूर मिळते. दोन्हीकडे गिअर वळणाच्या आधी बदलायचा, वळणात नाही. दुसऱ्यात आत शिरायचं, अगदी आवळ उजव्या वळणाला पहिल्यात. वळणात शिरण्याआधीच मान फिरवून बाजूच्या काचेतून वरचा रस्ता पाहायचा. समोरच्या काचेतून त्या क्षणी फक्त आभाळ दिसतं. वरून बस येताना दिसली तर वळणाच्या अलीकडेच, रुंद जागी थांबायचं. वळणाच्या पोटात समोरासमोर आलात तर मागे जावं लागणार तुम्हालाच.

बसबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल. या घाटांतून पोस्टाच्या पिवळ्या बस धावतात. निळ्या पाटीवर पिवळं शिंग रंगवलेलं दिसलं की समजायचं, हा डोंगरी पोस्टरस्ता आहे आणि इथे बसचालकाची खूण आणि सूचना बाकीच्या गाड्यांवर बंधनकारक आहे. तो हाताने मागे जा म्हणाला तर मागे जायचं, इकडे थांब म्हणाला तर तिथेच थांबायचं. आंधळ्या वळणाआधी बस तीन सुरांचा भोंगा वाजवते. हे सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ ऑपेराच्या सुरुवातीच्या संगीतातले आहेत. ते ऐकू आले की बस अजून दिसत नसली तरी वेग टाकायचा. बसला वळायला रस्त्याची पूर्ण रुंदी लागते, तिचं नाक तुमच्या मार्गिकेवरून फिरतं. हा नियम आम्हाला मनापासून आवडतो. रस्त्याची इंच न् इंच माहिती असलेल्या माणसाचा शब्द अंतिम मानला आहे, आणि सगळे तो पाळतात.

बस नसेल तेव्हाचा नियम आपल्या घाटांसारखाच आहे: चढणाऱ्याला आधी वाट. दोन गाड्या मावत नसतील तर उतरणाऱ्याने मागे जायचं. चढणाऱ्याच्या मागे अगदी जवळच बाजूला घ्यायची जागा असेल तरच उलट. जोडगाडी ओढणाऱ्याला, जड वाहनाला हलक्याने वाट द्यायची.

वाटेत डावीकडे खाली दरीत जुन्या रेल्वेचे रूळ दिसतात. १९८२ मध्ये फुरका पायथ्याचा १५.४ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि घाटातली रेल्वे बंद पडली. पुढे स्वयंसेवकांनी ती वाफेच्या इंजिनासह पुन्हा उभी केली. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी ती धावते. त्या मार्गावर श्टेफेनबाखचा एक पूल दर शरदात घडी घालून काढून ठेवतात, कारण हिमस्खलन तो उडवून नेईल. त्या पायथ्याच्या बोगद्यातून गाड्या वाहून नेणारी रेल्वे रेआल्प ते घाटापलीकडचं ओबरवाल्ड अशी बारा महिने चालते. फुरका अचानक बंद झाला किंवा वर दाट धुकं असलं तर हीच पर्यायी वाट.

माथ्याजवळ रस्ता अरुंद होतो, मधली पांढरी रेषाही काही ठिकाणी नाहीशी होते. इंजिन थोडं दमल्यासारखं वाटेल. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होते, त्यामुळे इथे गाडी सुमारे तीन चतुर्थांश ताकदीवर चालते. बिघाड समजून घाबरू नये, एक गिअर खाली आणावा. माथ्यावर ऊन असलं तरी वारा बोचतो. दर शंभर मीटरला तापमान सहा-साडेसहा दशांश अंश उतरतं, म्हणून स्वेटर डिकीत नाही, मागच्या सीटवर हवा.

फुरका हा पाणलोट आहे. पूर्वेकडचं पाणी रॉयस नदीतून ऱ्हाईनला आणि शेवटी उत्तर समुद्राला जातं, पश्चिमेकडचं ऱ्होनमधून भूमध्य समुद्राला.

माथ्यावरून खाली उतरताना पहिलं मोठं ठिकाण म्हणजे हेअरपिनच्या पोटात उभं असलेलं जुनं बेल्व्हेडेर हॉटेल. हॉटेल बऱ्याच वर्षांपासून बंद आहे, पण ही इमारत या घाटाची ओळख बनून राहिली आहे. तिच्यामागे ऱ्होन हिमनदी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिची जीभ खाली ग्लेचच्या मैदानापर्यंत पोहोचलेली होती. आता ती वरच्या खडकाच्या कडेमागे सरकली आहे आणि पुढे तिच्याच पाण्याचं तळं साचलं आहे. बर्फात दरवर्षी कोरल्या जाणाऱ्या गुहेवर उन्हाळ्यात पांढरी जाड कापडं पांघरतात, वितळणं थोडं लांबावं म्हणून. ती कापडं पाहून मन जड होतं. नदीचा उगम असा झाकून ठेवावा लागतो.

इथे गाडी ठरलेल्या पार्किंगमध्येच लावायची. फोटोसाठी वळणावर गाडी उभी करणारे लोक हा या जागेचा खरा धोका आहे. मागून उतरणाऱ्या मोटारसायकलला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता.

बेल्व्हेडेरहून ग्लेचपर्यंतचा उतार हा दिवसाचा पहिला धडा. अंतर थोडं, वळणं आवळ. दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं. इंजिनाचा आवाज चढेल, तीन-साडेतीन हजार फेऱ्या दिसतील, त्याने काही बिघडत नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असताना इंजिन इंधन घेत नाही, फक्त गाडीला मागे ओढतं. वेग वाढू लागला तर ब्रेक ठामपणे दोन-तीन सेकंद दाबायचा, वेग हवा तेवढा खाली आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पाय हलका ठेवून सतत घासत उतरणं हीच चूक. सतत घासलेल्या डिस्कला थंड व्हायला सवड मिळत नाही.

ग्लेच १७५९ मीटरवर. समोरच्या डोंगरावर ग्रिमझेलचा रस्ता पूर्ण दिसतो, कुणी पेन्सिलने नागमोड काढावी तसा. सहा किलोमीटरमध्ये चारशे मीटर चढ, रस्ता रुंद, पंधरा मिनिटांचं काम. माथा २१६५ मीटर. तिथल्या तळ्याचं नाव टोटेनझे, मृतांचं तळं. १७९९ मध्ये इथे फ्रेंच आणि ऑस्ट्रियन सैन्यांची लढाई झाली होती. नाश्त्याला थांबायला ही जागा बरी: स्वच्छतागृह आहे, पार्किंग मोठं आहे.

हाताशी दीड तास असेल तर ग्रिमझेल माथ्यावरून ओबरआर तलावाकडे जाणारा सहा किलोमीटरचा फाटा घ्यावा. रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा असल्याने वेळ वाटून दिलेली आहे. ग्रिमझेलहून प्रत्येक तासाच्या ठोक्यापासून पुढची दहा मिनिटं निघता येतं, ओबरआरहून परत अर्ध्या तासाला, म्हणजे ३० ते ४० या मिनिटांत. अकरा वाजून बारा मिनिटांनी पोहोचलात तर बारापर्यंत थांबायचं. मधूनच घुसणाऱ्याला अरुंद कड्यावर समोरून येणाऱ्या दहा गाड्यांसमोर मागे जावं लागतं.

आता दिवसातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग. ग्रिमझेलवरून इनर्टकिर्खनला उतरायचं, म्हणजे २६ किलोमीटरमध्ये १५४० मीटर खाली. आपला बोरघाट खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढतो. हा उतार म्हणजे जवळजवळ तीन बोरघाट, एकामागून एक, मध्ये सपाटी फारशी नाही. माणसं आणि सामान धरून गाडी १८०० किलोची असेल तर या उतारात तिची जी ऊर्जा सुटते ती साडेसात युनिट विजेएवढी. दोन किलोवॉटचा गिझर पावणेचार तास चालवला तर जितकी उष्णता होईल तितकी. त्यातला काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेली उष्णता इंजिनात घालवायची की चार ब्रेकमध्ये, हे चालकाच्या हातात आहे.

ब्रेकमध्ये घातली तर बिघाड ठरलेल्या क्रमाने येतो. आधी वास: जळक्या, करपलेल्या अस्तरासारखा. मग पेडल घट्ट लागतं, पण गाडी पूर्वीसारखी थांबत नाही, कारण तापलेल्या पॅडची पकड कमी झालेली असते. त्यानंतरचा टप्पा धोक्याचा. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, जुन्या तेलात पाणी जास्त असतं, ते उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. पाणी दाबलं जात नाही, वाफ दबते, एवढंच त्याचं कारण. वास आला त्याच क्षणी थांबायचं, पुढच्या टप्प्याची वाट पाहायची नाही. पुढच्या रुंद जागेत गाडी घ्यायची, पार्कमध्ये किंवा पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकं डोंगराकडे वळवायची आणि पेडलवरून पाय काढून वीस-तीस मिनिटं तशीच सोडायची. डिस्कवर पाणी ओतायचं नाही, तापलेलं लोखंड वाकतं किंवा तडकतं. पेडल मऊ झालं असेल तर थंड झाल्यावरही स्वतः पुढे चालवू नये, गाडी देणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचवण्याची सवय असेल तर ती आंदरमाटलाच सोडून यावी. बोरघाटातल्या पाट्या जे सांगतात तेच इथेही खरं आहे. शिवाय वर लिहिल्याप्रमाणे गिअरमध्ये उतरणारं इंजिन इंधन घेतच नाही, न्यूट्रलमधलं घेतं.

गिअरचा साधा आडाखा: ज्या गिअरमध्ये हा घाट चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. इथे वरचा भाग दुसऱ्या-तिसऱ्यात, गुटानेन गावाच्या खालचा तिसऱ्यात. मागे गाड्या साचल्या तर लाजून वेग वाढवायचा नाही, बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायचं. स्थानिक चालक वेगाने उतरतात, त्यांना वाट मिळाली की ते हात करून निघून जातात. गावाबाहेरची मर्यादा ८० असली तरी वळणांत तुमचा वेग तीस-चाळीसच राहील. खालच्या सरळ टप्प्यांत मात्र काटा पाहावा. गावाबाहेर मर्यादेपेक्षा सहा ते दहा किलोमीटर जास्त वेगाला १०० फ्रँक, अकरा ते पंधराला १६०.

एवढा उताराचा धाक घातला तरी हा रस्ता या फेरीतला आमचा सर्वांत लाडका आहे. हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइट दोन्ही बाजूंना, इतका नितळ की पावसात आरशासारखा चमकतो. खाली ग्रिमझेलचा जलाशय, पाण्याचा रंग दुधाळ हिरवा, कारण हिमनदीने दळलेलं दगडाचं पीठ त्यात तरंगत असतं. इथलं श्पिटालाम धरण १९३२ चं. त्याला जुन्या काळापासून भेग होती, म्हणून २०१९ मध्ये त्याच्या अगदी समोर नवं धरण बांधायला घेतलं. पुढे हांडेकला गेल्मरची केबलवरची रेल्वे आहे. तिचा सर्वाधिक चढ १०६ टक्के, म्हणजे पंचेचाळीस अंशांहून थोडा जास्त. तिथे जायचं असेल तर आसनं आधी राखून ठेवावीत, ऐन वेळी मिळत नाहीत. ब्रेक थंड करायलाही हांडेकचा थांबा नेमका मधोमध पडतो. वास येवो न येवो, आम्ही तिथे पंधरा मिनिटं थांबतोच.

इनर्टकिर्खन ६२५ मीटरवर आहे. कान बंद झालेले असतात, आवंढा गिळला की उघडतात. इथे जेवण, इंधन आणि दिवसाचा एकमेव खरा निर्णय. घड्याळ आणि पश्चिमेचं आभाळ पाहायचं. दुपारचे अडीच वाजून गेले असतील आणि ढग फुलकोबीसारखे वर चढत असतील, तर सुस्टेन सोडून द्यावा. ब्र्युनिग घाट अवघा १००८ मीटर उंच असून बारमाही आहे, त्यावरून लुत्सर्नकडे जाता येतं. आंदरमाटला मुक्काम असेल तर तो वळसा बराच लांब पडतो, हे मान्य. पण एकदा सुस्टेन चढायला घेतला की मध्ये बाहेर पडायला दुसरी वाट नाही.

सुस्टेनचा चढ २८ किलोमीटर आणि १६०० मीटर. समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या शिखरापर्यंतची उंची १६४६ मीटर, म्हणजे जवळपास तेवढं एका दमात चढायचं. तरीही तिन्हींत हाच सोपा. फुरका १८६६ चा, ग्रिमझेल १८९४ चा, दोन्ही घोडागाड्यांसाठी आखलेले. सुस्टेन १९३८ ते १९४५ दरम्यान बांधला, १९४६ मध्ये खुला झाला, आणि तो पहिल्यापासून मोटारींसाठीच आखलेला आहे. चढ नऊ टक्क्यांच्या आसपास बांधून ठेवलेला, वळणं मोठ्या त्रिज्येची, काठाला घडीव दगडांची भिंत. हात न दुखता चालवता येतो. म्हणून इथे वेग वाढतो आणि मोटारसायकलस्वार वळण कापून तुमच्या मार्गिकेत येतात. आंधळ्या वळणात मधल्या रेषेपासून लांब, उजवीकडे राहावं. सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर जागा सोडायची, ती नसेल तर पुढच्या सरळ टप्प्यापर्यंत त्याच्या मागेच राहायचं.

माथ्याच्या थोडं खाली श्टाइन हिमनदी आणि तिचं तळं दिसतं, थांबायला मोठी जागा आहे. माथा स्वतः एका बोगद्यात आहे, २२२४ मीटरवर, तीन-सव्वातीनशे मीटर लांब. बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढायचा, उन्हातून आत गेलं की काही सेकंद काहीच दिसत नाही. आणि पलीकडे हवा वेगळी असू शकते: इकडे ऊन, तिकडे धुकं, असं इथे नेहमीचं आहे. काचा पुसायचा वायपर आणि धुक्याचे दिवे कुठल्या खटक्यावर आहेत ते अलीकडेच पाहून ठेवावं.

वासेनपर्यंतचा उतार १८ किलोमीटर आणि १३०० मीटर. ग्रिमझेलचे सगळे नियम इथेही, फक्त एक भर. दिवसाच्या शेवटी पाय थकलेला असतो आणि ब्रेकवर नकळत टेकून राहतो. चालक बदलायचा असेल तर तो सुस्टेनच्या माथ्यावर बदलावा, वासेनला नाही.

वासेनला उजवीकडे वळायचं ते मुख्य रस्त्याने ग्योशेनेनकडे. नकाशाचं ॲप इथे महामार्गावर चढवायला पाहतं. तिकडे गेलात तर पुढे गोट्टहार्डचा सुमारे १७ किलोमीटरचा बोगदा आहे, आणि त्यातून बाहेर निघाल ते थेट डोंगरापलीकडच्या तिचिनो प्रांतात. म्हणून ॲपमध्ये ‘महामार्ग टाळा’ आधीच निवडून ठेवावं. ग्योशेनेननंतर शोलेनेनची घळ, सैतानाचा पूल, पुन्हा काही हेअरपिन, आणि वर आंदरमाट.

पोहोचल्यावर गाडी लगेच धुऊ नये, गरम डिस्कवर थंड पाणी इथेही नको. चारही चाकांच्या रिमवर काठाच्या दगडाचे ओरखडे आहेत का ते उजेडात पाहावं, टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगवटा आला आहे का ते हाताने चाचपावं, विशेषतः उजव्या पुढच्या. फुगवटा असेल तर आतल्या दोऱ्या तुटलेल्या आहेत, त्या टायरवर दुसऱ्या दिवशी महामार्गावर जायचं नाही. फोटो काढून ठेवावेत आणि गाडी देणाऱ्यांना त्याच संध्याकाळी कळवावं.